दिवा क्रमांक दोनशे चौदा

खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली, तिथे मी कारकून.
पाय गेल्यावर कंपनीने दिलेली नोकरी.
सकाळी पितळी बिल्ला घ्यायचा, दिवा द्यायचा,
संध्याकाळी दिवा घ्यायचा, बिल्ला परत.
हुकावर बिल्ला उरला तर माणूस अजून खाली आहे.

दोनशे चौदा म्हणजे हॉपकिन प्रॉसर.
बारा वर्षांचा आला तेव्हा दिवा गुडघ्यावर आपटायचा त्याच्या.
काम दार उघडायचं: कोळशाची गाडी आली की दोरी ओढायची,
मग पुन्हा काळोखात बसून उंदरांना पावाचे कोपरे टाकायचे.
पुढे म्हणायचा,
समोरच्याचा श्वास मला आधी ऐकू येतो,
ठोसा मागाहून दिसतो.

जत्रेत मिसेस ट्रेहार्नचा तंबू. तीन फेऱ्या टिका, एक पौंड न्या.
हॉपकिन पंधराचा. वजन भरावं म्हणून खिशात दगड.
समोर न्यूपोर्टचा खलाशी, दंडावर गोंदलेली जलपरी.
तिसऱ्या फेरीत खलाशी गवतावर बसला आणि हसायलाच लागला,
काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं.
पौंडातून धाकट्यांना बूट आले.
पाद्री रविवारी ठोसेबाजीच्या पापावर पाऊण तास बोलले
आणि सोमवारी खिडकीशी येऊन हळूच विचारून गेले,
पुढची लढत कधी?

हजेरीच्या वहीत, साहेबाला दिसणार नाही अशा कडेला
मी पेन्सिलीने लिहीत गेलो:
पोंटिप्रिद, जिंकला, सहावी फेरी.
कार्डिफ, जिंकला, भुवई फुटली.
मर्थर, बरोबरी, पंच त्यांच्या गावचा.
स्वान्सी, जिंकला, अंगठा मोडला. मंगळवारी तरीही खाली.

पाठ तो धूत नसे. आमच्यात कुणीच धूत नाही,
पाठ धुतली की कणा मऊ पडतो म्हणतात.
लंडनच्या त्या क्लबात जेवण आटोपून बसलेले काळे कोट
त्याची पाठ बघून हसले,
आणि खांद्यावरचे निळे व्रण बघून गप्प झाले.
कोळसा जखमेत शिरला की कातडी त्याला सोडत नाही.

वीस फेऱ्यांची लढत. सतराव्या फेरीत
बेथनल ग्रीनच्या पोराने बरगडीखाली घातला एक.
हॉपकिन खाली गेला.
वर इंग्रजीत आकडे सुरू झाले,
आणि हा आत मोजतोय आपल्या भाषेत,
इन, दाय, त्री, पेद्वार,
चॅपलच्या शाळेत मोजायचा तसा, सावकाश, एकेका आकड्याला मान देत.
साताला डोळे उघडले, तर पंच दहा म्हणून मोकळा.
'माझे तीन शिल्लक होते.'
गाडीत म्हणाला, लग्नात म्हणाला,
टेगवेनला झोपेत म्हणायचा.

त्यांच्याकडे खाली गेला म्हणजे हरला.
आमच्याकडे खाली गेला म्हणजे आज घरात चूल पेटेल.
हे त्या कोटवाल्यांना कुणी सांगायचं?

मग युद्ध. मग पुन्हा मिसेस ट्रेहार्नचा तंबू,
आता पौंड कमवायला येणारी पोरं दुसरी,
आणि मार खायला पगारावर ठेवलेला हॉपकिन.
एक कान कोबीसारखा. मग दोन्ही.
मग चहाच्या कपात साखर किती टाकली ते विसरणं,
मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारणं.

कंपनीने नाव खोडून चार वर्षं झाली.
तो अजून पहाटे येतो, पाळीच्या भोंग्याआधी,
केस ओले करून विंचरलेले, बिल्ला मुठीत.
मी न पेटवलेला दोनशे चौदा त्याच्या हातात देतो.
पोरं रांगेत वाट देतात, हसत नाहीत.
पाळण्याच्या जाळीपर्यंत जातो, उभा राहतो,
सगळे उतरून दोर सैल पडला की परत येतो
आणि म्हणतो, 'आलो वर.'

मी दिवा घेतो. बिल्ला देतो.
पेन्सिल कानामागून काढतो,
आणि दुसऱ्या पाळीची रांग लागेपर्यंत
वहीच्या कडेला टोक टेकवून बसतो.